मूल ठरवतं म्हणजे नेमकं काय ठरवतं?

शाळेत घंटा नाही, गृहपाठ नाही, पहिली-दुसरी असे वर्ग नाहीत. सात वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा एकाच खोलीत बसतात आणि आज काय करायचं ते स्वतःच ठरवतात. अशा एखाद्या छोट्या खासगी शाळेचं माहितीपत्रक हातात पडलं की पालकांच्या मनात लागोपाठ दोन विचार येतात. ‘आपल्या वेळी अशी शाळा असती तर!’ हा पहिला. आणि लगेच दुसरा, ‘आमचे चिरंजीव तिथं वर्षभर नुसता दंगा घालतील.’ दोन्ही विचारांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की तिथं सगळं काही मूल ठरवतं.

तसं कुठल्याच शाळेत नसतं. शाळा चालवायची म्हणजे रोज ढीगभर गोष्टी ठरवाव्या लागतात. काय शिकायचं, कोणत्या क्रमानं, किती वेगानं, कोणाबरोबर, चुकलं की कोण सांगणार, ‘आलं’ असं कोण म्हणणार, आणि भांडण झालं तर न्याय कोण करणार. नेहमीच्या शाळेत यातलं जवळजवळ सगळं बोर्ड, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक मिळून ठरवतात. मुलाच्या वाट्याला फार तर चित्रात कुठला रंग भरायचा एवढं उरतं. स्वयंप्रेरित किंवा ‘लर्नर-ड्रिव्हन’ म्हणवणाऱ्या शाळा यातले काही निर्णय मुलांकडे सरकवतात. कोणते सरकवतात आणि कोणते स्वतःकडे ठेवतात, यात शाळेशाळेत जमीनअस्मानाचा फरक आहे. शाळा ओळखायची तर तिथूनच.

‘लर्नर-ड्रिव्हन’ या शब्दाशी अलीकडे ज्या शाळेचं नाव सर्वांत जास्त जोडलं गेलं, ती म्हणजे अ‍ॅक्टन अकॅडमी. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात २००९ साली जेफ आणि लॉरा सँडेफर या दांपत्यानं ती सुरू केली. जेफ मूळचे तेलाच्या धंद्यातले, पुढे उद्योजकता शिकवणारे. त्यांची मुलं माँटेसरी शाळेत जात होती. त्यांना नेहमीच्या शाळेत कधी घालावं, असं त्यांनी एका नावाजलेल्या शिक्षकाला विचारलं. उत्तर आलं, होईल तितक्या लवकर. एकदा मोकळेपणाची सवय लागली की मुलं दिवसभर बाकावर बसून ऐकायला तयार होत नाहीत. दुसरा कोणी असता तर घाबरून त्याच आठवड्यात प्रवेशाचा अर्ज भरून मोकळा झाला असता. यांनी शाळाच काढली. आज त्या नावानं शेकडो शाळा निरनिराळ्या देशांत चालतात. प्रत्येकीचा मालक वेगळा, बहुधा पालकांपैकीच कोणीतरी. त्यामुळे पाटी एक असली तरी आतला माल एकसारखा असेलच असं नाही.

तिथला प्राथमिक गटाचा दिवस साधारण असा जातो. सकाळी सगळी मुलं गोल करून बसतात. मोठं माणूस, ज्याला तिथं शिक्षक न म्हणता गाइड म्हणतात, एक पेच टाकतं. ‘मित्रानं चोरी केलेली तू पाहिलीस. सांगशील की गप्प बसशील?’ मुलं बाजू घेतात, कारणं देतात, एकमेकांची कारणं खोडतात. गाइडनं स्वतःचं मत द्यायचं नाही, असा नियम. मग वाचन, लेखन, गणिताचा वेळ. इथं प्रत्येक मूल आपलं त्या दिवसाचं उद्दिष्ट लिहितं आणि आपल्या वेगानं पुढं जातं. गणितासाठी बहुतांशी खान अकॅडमीसारखी संगणकावरची साधनं वापरली जातात. दुपारी ‘क्वेस्ट’, म्हणजे काही आठवडे चालणारा प्रकल्प. त्याच्या शेवटी पालकांसमोर प्रदर्शन मांडायचं असतं.

या प्रकल्पांतला एक प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. मुलांनी काहीतरी वस्तू बनवायची आणि एक दिवसाच्या बाजारात ती विकायची. समजा, नऊ वर्षांच्या एका मुलीनं मेणबत्त्या करायचं ठरवलं. ती येऊन विचारते, ‘किंमत किती ठेवू?’ गाइड म्हणतो, ‘एक करायला तुला किती खर्च आला?’ तिला ठाऊक नसतं. मेणाची पिशवी एवढ्याची, वातीचं बंडल तेवढ्याचं, पण एका मेणबत्तीला त्यातलं किती लागलं? इथं भागाकार आला. दोन मेणबत्त्या साच्यातून काढताना तुटल्या, त्यांचा खर्च कोणाच्या माथी मारायचा? आता तर चांगल्या हिशेबनिसालाही थांबून विचार करायला लागेल. पाठ्यपुस्तकातल्या ‘एका दुकानदाराने’ छापाच्या गणितात दुकानदार कोण, त्याला नफा झाला काय नि तोटा काय, याच्याशी मुलाला काही देणंघेणं नसतं. इथं असतं.

वागणुकीचे नियमही मुलंच करतात. वर्षाच्या सुरुवातीला करारनामा लिहून सगळे त्याखाली सही करतात. तो मोडणाऱ्याचं काय करायचं, ते आठवड्याच्या सभेत ठरतं. शिस्त मोठ्यांच्या डोळ्यांच्या धाकावर चालत नाही, बरोबरीच्यांच्या सभेतून येते. वाचायला हे गोड वाटतं, पण मुलांची सभा मोठ्यांपेक्षा कठोर होऊ शकते, हे कुठल्याही चाळीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून मोठं माणूस तिथं लागतंच, फक्त ते खुर्चीवर न बसता कडेला उभं असतं.

तर मग अ‍ॅक्टनमध्ये मूल काय ठरवतं? वेग ठरवतं, दिवसाचा क्रम ठरवतं, नियमांत त्याचा आवाज असतो. पण गणित शिकायचंच, वाचन करायचंच, हे मोठ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं आहे. अपूर्णांकाआधी काय यायला हवं, ते संगणकावरच्या धड्यानं ठरवलं आहे.

यात एक गंमत दडलेली आहे. गाइडनं उत्तर द्यायचं नाही हा नियम फार मिरवला जातो, जणू समजावून सांगणं हेच एक पाप आहे. प्रत्यक्षात समजावण्याचं काम कोणीतरी करतंच, इथं ते पडद्यावरचा व्हिडिओ करतो. कुठल्याही चालणाऱ्या स्वयंप्रेरित शाळेत हाच प्रश्न विचारून पाहावा, की शिक्षक समजावत नाही तर समजावण्याची सोय कुठं ठेवली आहे?

मारिया माँटेसरींनी ती वस्तूंमध्ये ठेवली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. त्यांच्या साधनांत एक लाकडी ठोकळा आहे. त्याला दहा खाचा आणि दहा मुठीचे दट्टे, प्रत्येक दट्ट्या वेगळ्या मापाचा. लहान दट्ट्या मोठ्या खाचेत गेला तर खाली पडतो, खटकत नाही. पण शेवटी एक मोठा दट्ट्या हातात उरतो आणि त्याला जागा नसते. ‘चुकलं’ असं कोणी म्हणत नाही. मूल ठोकळ्याकडे बघतं, सगळे दट्टे काढतं आणि पुन्हा बसवतं. चूक दाखवण्याचं काम सुतारानं करून ठेवलेलं असतं. मूल साधन निवडतं, किती वेळ खेळायचं ते ठरवतं. पण फळीवर कोणती साधनं मांडायची, ते बाई ठरवतात.

या पद्धतीची आपल्याकडची वाट मोठी नाट्यमय आहे. १९२० साली भावनगरला गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथं काम करायला गेल्या, आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे अनेक वर्षं इथंच अडकल्या. पण ताराबाईंना डाचत होतं ते दुसरंच. ती सुबक लाकडी साधनं खेड्यातल्या शाळेला परवडायची कशी? १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पानं यांतून मोजायचं, लावायचं, जुळवायचं शिक्षण उभं केलं. वारली मुलं गुरं चारायला जात म्हणून शाळेला येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणावर गेली. तिला कुरणशाळा असं नाव पडलं. मुलाच्या सोयीनं शाळेची वेळ आणि जागा ठरवणं, हा निर्णय आजच्या चकचकीत माहितीपत्रकांतही क्वचितच सापडतो.

आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅली या शाळेनं समजावण्याची सोय कार्डांत ठेवली. आसपासच्या खेड्यांतल्या एकशिक्षकी शाळांसाठी त्यांनी भाषा आणि गणिताचे छोटे छोटे टप्पे पाडले, त्यांची एक शिडी भिंतीवर टांगली आणि प्रत्येक पायरीसाठी चित्रखुणेची कार्डं केली. मूल आपली पायरी शोधतं, त्या खुणेचं कार्ड उचलतं, आणि ते बाईंच्या मदतीनं करायचं, मित्राबरोबर की एकट्यानं, त्यानुसार ठरलेल्या जागी बसून करतं. क्रम पक्का, वेग मोकळा. आठ दिवस ताप येऊन गैरहजर राहिलेलं मूल परत आलं की ते ‘मागं पडलेलं’ नसतं, सोडलेल्या पायरीवर येऊन उभं राहतं. २००३ पासून चेन्नई महापालिकेच्या शाळांनी याच कल्पनेवर बेतलेली पद्धत उचलली आणि पुढं ती तमिळनाडूभर गेली. तिथल्या वर्गांत मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, जमिनीलगत फळे रंगवले गेले. म्हणजे ही चैन फक्त खासगी शाळांची आहे असं कोणी म्हणालं तर तमिळनाडूकडे बोट दाखवावं.

दुसऱ्या टोकाला इंग्लंडमधलं समरहिल आहे. ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली ही निवासी शाळा. तिथं तासाला बसायचं की नाही, हेसुद्धा मूल ठरवतं. १९९९ मध्ये सरकारी तपासनिसांनी मुख्यतः याच गोष्टीवर कडक ताशेरे ओढले आणि प्रकरण लवादापुढे गेलं. २००० सालच्या मार्चमध्ये लंडनच्या न्यायालयात सुनावणी चालू असताना सरकारी पक्षानं तडजोडीचा प्रस्ताव ठेवला. तो मान्य करायचा की नाही, यावर मुलांनी त्याच न्यायदालनात सभा भरवून मतदान केलं आणि शाळा टिकली. एवढं स्वातंत्र्य सहा वर्षांच्या मुलाला द्यावं का, याबद्दल माझं मत अजून तरी नाही असंच आहे. पण सभा कशी चालवायची हे त्या मुलांना आपल्या कित्येक गृहनिर्माण संस्थांपेक्षा बरं येत होतं, हे मान्य करावं लागेल.

आता मुळातला प्रश्न. मुलाकडे निर्णय द्यायचेच कशाला? त्यामागं जे संशोधन सांगितलं जातं, त्यातला एक प्रयोग फार बोलका आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतला हा प्रयोग प्रसिद्ध केला. आपणहून स्केचपेननं चित्रं काढणारी मुलं त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी तारा नि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला काही न सांगता शेवटी अचानक ते दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तीच स्केचपेनं वर्गात नुसती ठेवली आणि कोण किती वेळ हात लावतं ते पाहिलं. बक्षिसाच्या कबुलीवर चित्र काढलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षिसापेक्षा ‘हे केलंस तर ते मिळेल’ हा सौदा जास्त घातक ठरला. आधी आवडीनं केलेली गोष्ट आता मोबदल्याची झाली होती.

स्वयंप्रेरित शाळांचा पाया हाच आहे. म्हणूनच अ‍ॅक्टनच्या अनेक शाळांत मुलांना ‘ईगल बक्स’ नावाचं आतलं चलन मिळतं, उद्दिष्ट पुरं केलं की कमावायचं आणि करार मोडला की गमवायचं, हे वाचून मला थोडं हसू आलं. समर्थक म्हणतील, पैशाची शिस्त लागते. असेलही. पण आतून येणाऱ्या ओढीवर उभारलेल्या शाळेत पगारपत्रक कशाला, हे विचारायला हरकत नाही.

आता याचा उपयोग होतो का? २००६ साली याच विषयावर दोन परस्परविरोधी वाटणारे लेख आले, आणि दोन्ही वाचल्याशिवाय मत बनवू नये. अँजेलिन लिलार्ड आणि निकोल एल्स-क्वेस्ट यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या सरकारी माँटेसरी शाळेचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये छापला. तिथं प्रवेश सोडतीनं होत. सोडतीत नाव निघालेली मुलं आणि न निघालेली मुलं यांची तुलना केली, त्यामुळे ‘जागरूक पालकांचीच मुलं तिथं जातात’ हा नेहमीचा आक्षेप बराचसा बाजूला पडला. पाच वर्षांची माँटेसरी मुलं वाचनाच्या पूर्वतयारीत, गणितात आणि खेळातल्या समजुतीत पुढं होती. बारा वर्षांच्या मुलांचे निबंध जास्त कल्पक आणि त्यांची वाक्यरचना जास्त सफाईदार होती, पण गणित-वाचनाच्या चाचण्यांत फारसा फरक उरला नव्हता.

दुसरा लेख पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाच्या डोक्यात एका वेळी थोड्याच नव्या गोष्टी मावतात. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश करताना सराईत माणूस छेद समान करून मोकळा होतो, पण नवख्याला छेद म्हणजे काय, समान का करायचा, कशानं गुणायचं, वरच्या आकड्याचं काय करायचं, हे सगळं एकदम सांभाळावं लागतं. त्याला ‘तूच शोध’ म्हटलं की सगळी ताकद शोधण्यात जाते, शिकायला काही उरत नाही. नवख्याला सोडवलेली उदाहरणं दाखवा, तो सराईत झाला की हात सोडा.

नीट पाहिलं तर दोघांत तितकं भांडण नाही. माँटेसरी बाई नवं साधन हातात देताना ते कसं वापरायचं हे अगदी सावकाश करून दाखवतात. ऋषी व्हॅलीचं कार्ड पायरी-पायरीनं नेतं. निवड मोकळी आहे, वाट आखलेली आहे. गोंधळ होतो तो मोकळीक तेवढी उचलून वाट आखायचं काम सोडून दिलेल्या शाळांत. आणि ते काम दिसत नाही. पंचेचाळीस मिनिटं फळ्यावर शिकवणाऱ्या शिक्षकाचे कष्ट दिसतात. चाळीस कार्डं तयार करून, कोण कुठं अडलंय याची रोज टिपणं काढून कोपऱ्यात शांत बसलेल्या ताईंचे दिसत नाहीत. म्हणून अशी शाळा स्वस्तात चालवता येईल असं वाटणारा संस्थाचालक पहिली काटछाट नेमकी तिथंच करतो.

महाराष्ट्रात मुलाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या छोट्या शाळांची परंपरा चांगली आहे. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेली सृजन आनंद, पुण्याचं अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन. या शाळांत परिसर, प्रकल्प, हातकाम यांतून शिकणं असतं, आणि त्या मराठी माध्यमाच्या आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (शाळांच्या गटाच्या) जिल्हा परिषद शाळांनी रचनावादी, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून शिकतं असं मानणारे, वर्ग कसे चालतात ते राज्याला दाखवलं. अलीकडच्या महागड्या ‘लर्नर-ड्रिव्हन’ शाळांची जाहिरात वाचून हे सगळं कालच अमेरिकेहून आलं असं वाटू नये, म्हणून एवढं सांगितलं.

कायद्याची बाजू मात्र पालक विसरतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा कलम २९ मध्ये कृतीतून, शोधातून, बालकेंद्री पद्धतीनं शिकवा असं स्वतःच सांगतो. पण त्याच कायद्याचं कलम १८ म्हणतं, मान्यतेशिवाय शाळा चालवता येणार नाही. मान्यतेच्या निकषांत शिक्षकागणिक खोली, मैदान, ग्रंथालय असं बरंच काही येतं. बंगल्यात वीस मुलांची शाळा चालवणाऱ्याला ते झेपत नाही. मग अशा जागा ‘लर्निंग सेंटर’ म्हणून चालतात. मूल कागदोपत्री घरी शिकतं आणि पुढं राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून (एनआयओएस) दहावीला बसतं.

बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं नि गाद्या-उशा थोड्या वेळ बाजूला ठेवा. विचारा, तीन महिने एखाद्या मुलानं गणिताला हातच लावला नाही तर ते कोणाच्या लक्षात येतं, कितव्या दिवशी, आणि मग काय करता? ‘आमचा मुलांवर विश्वास आहे’ एवढंच उत्तर आलं तर सावध व्हा. वही काढून अमुक मुलाबद्दल काय टिपलं आणि पुढं काय केलं ते दाखवलं, तर ताईंना काम कळतं. आठ-नऊ वर्षांच्या एखाद्या मुलाला विचारा, तू आत्ता काय करतोयस आणि यानंतर काय? ‘माहीत नाही, ताई सांगतील’ म्हणाला, तर ही साधीच शाळा आहे, फक्त फी जास्त. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला कोण मदत करतं, तेही विचारा. स्वतः निवडायला सांगितलं की अडखळणारं मूल वाचन टाळून दुसरं काहीतरी निवडतं, आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्याचंच होतं.

पुढं सहावी-सातवीत नेहमीच्या शाळेत घालायचं मनात असेल तर मुलाला तीन गोष्टी जड जातात: ठरलेल्या वेळात पेपर लिहिणं, भराभर लिहून घेणं, आणि न आवडणाऱ्या विषयाच्या तासाला चाळीस मिनिटं गप्प बसणं. पहिल्या दोन सरावानं काही महिन्यांत जमतात. आठवीपर्यंत वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क मुलाला आहे, पण शाळेच्या कार्यालयातला क्लार्क सगळ्यात आधी शाळा सोडल्याचा दाखलाच मागतो, आणि मान्यता नसलेल्या केंद्राच्या कागदाला तिथं कोणी विचारत नाही. तेव्हा मान्यता कोणाची, पटावर नाव कुठल्या शाळेच्या आणि दाखला कोण देणार, हे फी भरायच्या आधी लेखी घ्यावं.